सदाशिवरावभाऊ : हिशेबाचा सेनापती

दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे ९० किलोमीटर गेले की पानिपत लागते. आजकाल दिल्लीच्या राजधानी क्षेत्रातच त्याची गणना होते. गावाबाहेर काही किलोमीटरवर, गव्हाच्या शेतांच्या मधोमध, लोखंडी कुंपणात एक स्तंभ उभा आहे. ती जागा काला अंब. तिथे पूर्वी एक आंब्याचे झाड होते. रणात सांडलेल्या रक्ताने त्या झाडाची पाने आणि फळे काळी पडली, अशी लोककथा आहे. झाड पुढे वाळले, त्याच्या लाकडाची दारे केली गेली आणि नाव मात्र जागेला चिकटून राहिले. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तिथे जातात, हरियाणातले रोड मराठा समाजाचे लोकही जमतात. आमच्या शाळेची तुकडी एका वर्षी गेली होती तेव्हा सकाळी दहापर्यंत धुके हटले नव्हते आणि पंचवीस पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. परतताना गाडीत एका छात्राने विचारले, एवढी मोठी फौज इतक्या लांब आणून भाऊसाहेबांनी खायला काय आणले होते? हा लेख त्या प्रश्नातून निघाला. प्रश्न लढाईचा वाटत नाही, पण भाऊसाहेबांच्या आयुष्याची किल्ली त्यातच आहे, असे मला वाटते.

सदाशिवराव हे चिमाजी आप्पांचे चिरंजीव आणि थोरल्या बाजीरावांचे पुतणे. जन्म ऑगस्ट १७३० चा. जन्मानंतर महिनाभरातच आई रखमाबाई गेल्या. मूल आजी राधाबाईंच्या पदराखाली वाढले. वडिलांचा सहवास तुटकच. चिमाजी आप्पा कोकणात फिरंग्यांशी झुंजत होते. मे १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा मुलगा नवव्या वर्षात होता. पुढच्या वर्षी एप्रिलात बाजीराव गेले आणि डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले. दहाव्या वर्षी मुलगा पोरका झाला. भाऊसाहेबांच्या स्वभावातला करडेपणा, कोणावर सहसा न विसंबण्याची सवय, यांचे मूळ इथे असावे असा माझा तर्क आहे.

त्यांचे शिक्षण साताऱ्यात, शाहू महाराजांच्या दरबाराच्या सावलीत झाले. व्यायामाची आवड दांडगी होती. रोजच्या सूर्यनमस्कारांच्या आख्यायिका तुम्ही ऐकल्याच असतील. पण त्यांना घडवले ते रामचंद्रबाबा शेणवी यांनी. हा गृहस्थ राणोजी शिंद्यांच्या पदरी दिवाण होता, दौलतीचा जमाखर्च आणि दरबारी राजकारण यांत मुरलेला. रामचंद्रबाबांनी या तरुणाला शिकवले की दौलत तलवारीने मिळते पण वहीने टिकते. कोणत्या महालाचा वसूल किती, त्यातला प्रत्यक्ष हाती किती येतो, मधल्या मधे किती मुरतो, सरदाराने सांगितलेल्या घोड्यांपैकी हजेरीला किती उभी राहतात, हे सगळे भाऊसाहेब कारकुनासमोर बसून तपासू लागले. पेशव्यांच्या घरात असे बसणारे फारसे कोणी नव्हते. नानासाहेब स्वतः दप्तराचे जाणकार होते, तरी भाऊसाहेबांची नजर अधिक तिखट. फडावर त्यांचा धाक होता, आणि सरदारांमध्ये नाराजीही होती. हिशेब मागणारा माणूस कोणाला आवडतो?

पहिली स्वारी कर्नाटकची. डिसेंबर १७४६ मध्ये, सोळाव्या वर्षी, महादोबा पुरंदरे आणि सखारामबापू यांच्यासह ते पुण्याहून निघाले. १७५० मध्ये सांगोल्याचे बंड मोडले आणि तिथे झालेल्या कराराने छत्रपतींच्या नावाने चालणाऱ्या कारभाराची सूत्रे पेशव्यांकडे आली. त्याच सुमारास घरात खटका उडाला. भाऊसाहेबांनी दिवाणगिरी मागितली. पद महादोबा पुरंदऱ्यांकडे होते. कोल्हापूरच्या छत्रपतींनी भाऊसाहेबांना आपल्याकडे पेशवाई देऊ केली. घर फुटण्याची वेळ आली तेव्हा महादोबांनी आपण होऊन पद सोडले. या प्रसंगात भाऊसाहेबांचे वागणे मला फारसे शोभणारे वाटत नाही, महादोबांचे वाटते. पण त्यानंतरची आठ-नऊ वर्षे दौलतीचा कारभार ज्या शिस्तीने चालला, ती भाऊसाहेबांचीच.

या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. १७५६ च्या सावनूरच्या वेढ्यात तोफांनी काय होते ते त्यांनी पाहिले. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेल्या पलटणी निजामाकडे होत्या. तशाच आपल्याकडे हव्यात, हे त्यांच्या मनाने घेतले. त्या पलटणींपैकी मुजफ्फरखान गारदी याने ऑक्टोबर १७५९ मध्ये त्यांच्यावर पुण्यात मारेकरी घातला. जखमेवर निभावले. तरी गारद्यांवरचा विश्वास त्यांनी सोडला नाही. इब्राहिमखान गारद्याला आणि त्याच्या आठ-दहा हजार शिपायांना त्यांनी जवळ केले, आणि त्या माणसाने पानिपतावर मरेपर्यंत इमान राखले.

इथे हिशेबाचा एक बारकावा सांगतो. जुना मराठा शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई. नालबंदीचे पैसे आगाऊ मिळत, बाकी पगार थकला तरी तो मुलूखगिरीत भरून काढी. गारदी तसा नव्हे. त्याला महिन्याच्या महिन्याला रोख पगार लागे. तोफेला बैल लागत, दारूगोळा लागे, चाकाखाली वाट लागे. म्हणजे भाऊसाहेबांनी फौज अधिक मजबूत केली तेव्हाच ती अधिक खर्चिकही केली, आणि तिचा वेगही कमी केला. नव्या यंत्राची ताकद वाढली की त्याचे इंधनही वाढते.

३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरवर निजामाचा मोड झाला. सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मिळाले. भाऊसाहेबांच्या आयुष्यातला हा सर्वांत उजळ दिवस. त्या आनंदातच उत्तरेची बातमी आली. दत्ताजी शिंदे १० जानेवारीला बुराडी घाटावर, यमुनेच्या वाळूत पडले होते. अहमदशहा अब्दाली दिल्लीच्या दारात होता.

आताच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला खलबत झाले. उत्तरेत कोणी जावे? रघुनाथराव १७५८ मध्ये लाहोरपर्यंत पोचले होते, कीर्ती मोठी झाली होती, पण स्वारीवरून परतताना डोक्यावर सुमारे ८० लाखांचे कर्ज होते. ज्या स्वारीने मुलूख जिंकावा तिनेच दौलत कर्जात घालावी, हे भाऊसाहेबांना सहन झाले नव्हते आणि त्यावरून घरात तिखट बोलणी झाली होती. आता त्यांनी स्वतःच जायचे ठरवले. बरोबर नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. मार्चच्या मध्यास कूच झाले. भाऊसाहेबांचे वय तेव्हा एकोणतीस होते.

मोहिमेचा पैसा कुठून यायचा होता, हे नीट पाहा. पेशवाईच्या दप्तरात अंदाजपत्रकाला अजमास म्हणत. या मोहिमेचा अजमास कागदावर चुकीचा नव्हता. थोडी रोकड बरोबर घ्यायची. बुंदेलखंड आणि अंतर्वेदीचा, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखाचा, थकलेला वसूल गोविंदपंत बुंदेल्यांनी गोळा करून द्यायचा. रजपूत राजांकडून खंडणीची बाकी घ्यायची. सुरजमल जाटाची मदत घ्यायची. उरलेले सावकारांच्या हुंड्यांवर. वाटेत मुक्कामाला बाजार भरेल, लमाणांचे तांडे धान्य आणतील. शिवाय अब्दाली उन्हाळ्यात परत जातो, हा आजवरचा अनुभव होता. यातली एकेक बाब वेगळी घेतली तर शक्य कोटीतली आहे. पण सगळ्या एकाच वेळी बिनसल्या तर काय, याची तजवीज अजमासात नव्हती.

नौदलाकडे किंवा व्यापारी जहाजांकडे जाणाऱ्या छात्रांना हे लगेच कळेल. जहाज बंदर सोडण्याआधी प्रवासाचा हिशेब मांडला जातो. अंतर किती, वेग किती, दर दिवसाला इंधन किती जळेल, वाटेत कुठे भरता येईल, बंदरांची देणी किती आणि अडचणीसाठी राखीव किती. वेग वाढवला की इंधन त्याच प्रमाणात वाढत नाही, साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२ नॉटऐवजी १५ नॉटने निघाले तर तासाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. आणि आता हा हिशेब एकदाच मांडत नाहीत. संगणकात तोच प्रवास हजार वेळा करून पाहतात. कधी वारा उलटा, कधी बंदर चार दिवस अडलेले, कधी तेल महागलेले. मग कळते की सरासरी खर्च किती, आणि वाईटात वाईट प्रवासात टाकी कुठे कोरडी पडते. कप्तानाला सरासरीपेक्षा त्या दुसऱ्या उत्तराची गरज जास्त.

आमच्या अकरावीच्या दोन छात्रांनी संगणक कक्षात हाच प्रयोग भाऊसाहेबांच्या तळावर केला. खरे आकडे कोणाकडेच नाहीत, बखरींतले तर बरेच फुगवलेले, म्हणून त्यांनी साधी गृहीते धरली. लढणारे आणि न लढणारे मिळून माणसे दीड लाख. माणशी रोज अर्धा किलो धान्य, म्हणजे ७५ टन. घोडी ५० हजार. घोड्याला रोज दोन किलो चंदी, म्हणजे १०० टन. एकूण रोज १७५ टन. वैरण यात धरलेलीच नाही. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर रोज १,७५० बैल भरून यायला हवेत, आणि ते बैलही खातात. १ नोव्हेंबर ते १४ जानेवारी हे ७५ दिवस धरले तर १३ हजार टनांहून जास्त. आजचे एक मध्यम मालवाहू जहाज काठोकाठ भरेल इतके.

मग त्यांनी एक बदल करून पाहिला. पानिपतच्या अपयशाचे खापर आपण नेहमी यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांच्यावर फोडतो. समजा, त्यांतली ९० हजार माणसे चंबळेच्या अलीकडेच ठेवली असती. रोजचा खर्च ४५ टनांनी उतरतो, १७५ चा १३० होतो. तेवढाच साठा ७५ ऐवजी सुमारे १०० दिवस पुरतो. पंचवीस दिवस म्हणजे थोडे नव्हेत. पण वर्गात सगळ्यांना नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. तळावर सर्वांत जास्त खात होती ती घोडी, म्हणजे ज्यांच्या जोरावर लढायचे तीच. बुणग्यांनी खाल्ले त्यापेक्षा त्यांनी चाल मंदावली, हे नुकसान मोठे. अर्थात हा शाळेतला खेळ आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. गृहीत बदला, उत्तर बदलेल.

चाल मंदावली म्हणजे किती? परतूर ते दिल्ली सरळ रेषेत हजार किलोमीटर. पोचायला साडेचार महिने लागले. एप्रिलच्या मध्यास नर्मदा, मेअखेर ग्वाल्हेर, ८ जूनला चंबळ. पुढे गंभीर नदीने अडवले. आणि यंदा पाऊस लवकर आला. भाऊसाहेबांचा मूळ बेत यमुना ओलांडून अंतर्वेदीत शिरायचा होता. अब्दाली तिथेच छावणी करून होता, नजीबखान रोहिल्याच्या धान्यावर पोसला जात होता. गोविंदपंतांना नावा जमवून पूल बांधायला सांगितले होते. पूल झाला नाही, यमुना चढली आणि बेत संपला. अवघे दोन-तीन आठवडे आधी पोचते तर? संगणकावर हा प्रश्न सोपा आहे, तारीख बदलायची आणि कळ दाबायची.

गोविंदपंतांना त्या वर्षी भाऊसाहेबांनी पत्रांमागून पत्रे लिहिली. पैसा पाठवा, धान्य पाठवा, शत्रूची रसद मारा, हाच सगळ्यांचा आशय. त्यांत रागही आहे. गोविंदपंत साठीच्या पुढचे होते, शरीर जड होते, आणि ज्या मुलखातून वसूल आणायचा त्यात शत्रूच बसला होता. वसूल न येण्यात पंतांचा दोष किती आणि परिस्थितीचा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या मते भाऊसाहेब पुण्याच्या फडावर बसून जसा हिशेब मागत तसाच युद्धाच्या मुलखातून मागत राहिले. तिथे तो मिळणे शक्य नव्हते.

ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली. कागदावर मोठा विजय. प्रत्यक्षात? १७३९ मध्ये नादिरशहाने आणि १७५७ मध्ये अब्दालीने धुऊन नेलेले शहर ते. तिजोरीत काही नव्हते. फौजेचे पगार थकले होते, घोड्यांना दाणा मिळेना. तेव्हा भाऊसाहेबांनी दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवले आणि त्याचे रुपये पाडले. सुमारे ९ लाख झाले. सुरजमलाला हे आवडले नाही. त्याऐवजी मी पैसे देतो असे तो म्हणाल्याचे सांगतात. तो त्याच सुमारास निघून गेला. छताच्या पैशाने महिनाभर भागले असेल नसेल, पण भरतपूरचे धान्य आणि पाठीमागचा सुरक्षित मुलूख हातून गेला. भाऊसाहेबांची मला सर्वांत जास्त खटकणारी चूक हीच. आजची देणी फेडण्यासाठी त्यांनी उद्याची रसद मोडली. पण उपाशी घोडे समोर उभे असताना मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही.

ऑक्टोबरात ते उत्तरेकडे सरकले, कारण दिल्लीत बसून खायला काही नव्हते आणि कर्नालजवळच्या कुंजपुऱ्यात शत्रूचा मोठा साठा होता. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. धान्य, घोडी, रोकड मिळाली. उपाशी फौजेने दसरा पोटभर केला. तोच बातमी आली की अब्दाली बागपतजवळ पूर असतानाच यमुना उतरला. काही माणसे वाहून गेली तरी तो थांबला नाही. नदी एवढ्यात उतरता येणार नाही, हे गृहीत भाऊसाहेबांचे होते. ते चुकले, आणि एका आठवड्यात नकाशा उलटा झाला. मराठे उत्तरेला, अफगाण दक्षिणेला. दिल्ली, झाशी, नर्मदा, पुणे हे सगळे शत्रूच्या पाठीमागे.

पानिपत गावाला पाठ देऊन खंदक खणला गेला. पहिले काही आठवडे पारडे मराठ्यांकडे होते. तोफखान्यासमोर यायला अफगाण बिचकत होते. रसदही अगदीच बंद नव्हती. पतियाळाच्या आलासिंगाकडून धान्य येई. तिकडे गोविंदपंतांनी अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडायला सुरुवात केली आणि अफगाण तळावर महागाई झाली. या दिवसांत दोन्ही सेनापती एकच गणित करत होते. आधी कोणाचा दाणा संपतो? ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. भाऊसाहेबांचा तो उजवा हात होता. डिसेंबरच्या उत्तरार्धात अताईखानाच्या छाप्यात गोविंदपंत मारले गेले. वर्षभर ज्यांच्या नावाने बोटे मोडली त्यांनी शेवटी डोके दिले. पाठोपाठ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून अफगाणांच्याच तळात शिरली आणि कापली गेली. आपलाच तळ समजून शिपाई मराठीत बोलले आणि ओळखले गेले, असे सांगतात. पुण्याहून कुमक घेऊन निघालेले नानासाहेब त्या डिसेंबराच्या अखेरीस पैठणला होते, तिथे त्यांचे लग्न लागत होते.

आता तळावर पाला, झाडांच्या साली, जनावरांची हाडे कुटून खाण्यापर्यंत वेळ आली. थंडी कडाक्याची. घोडी मरू लागली, त्यांच्या कुजण्याने रोगराई झाली. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे होते, आई आणि पत्नीसह तळावर होते. त्यांनी पुढे आत्मवृत्तात या दिवसांविषयी लिहून ठेवले. आई त्यांना परत मिळाली नाही. १३ जानेवारीला सरदार भाऊसाहेबांच्या डेऱ्यात जमले. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, हे सर्वांचे म्हणणे होते. उरलेले धान्य त्या रात्री वाटून टाकले. म्हणजे साठ्याच्या वहीत बाकी शून्य लिहिली गेली.

१४ जानेवारी १७६१. बेत असा की गोल बांधायचा, मध्ये बायकामुले आणि बुणगे, डावीकडे इब्राहिमखानाचे गारदी आणि तोफा, उजवीकडे शिंदे-होळकर, आणि लढत लढत दिल्लीची वाट धरायची. सकाळी गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. भाऊसाहेबांनी हुजुरातीच्या स्वारांनिशी अफगाणांच्या मधल्या फळीवर असा हल्ला चढवला की वजीर शहावलीखान घोड्यावरून उतरून आपल्या पळणाऱ्या माणसांना आडवू लागला. दुपारपर्यंत लढाई मराठ्यांची होती. मग घोडी थकली. दोन दोन दिवस चंदी न मिळालेले जनावर किती वेळ दौडणार? अब्दालीकडे मात्र राखीव होते. त्याने पोटभर खाल्लेले ताजे स्वार पुढे काढले, उंटांवरच्या जंबुरक्यांचा मारा सुरू केला. तिसऱ्या प्रहरी विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. हत्ती रिकामा दिसला तेव्हा सेनापती गेला असे समजून फौज फुटली. मागे सरण्याची वाट त्यांना होती. ते गेले नाहीत. का, याचे उत्तर हिशेबात सापडत नाही.

शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. त्याने या युद्धाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. पुढच्या दिवसांत देह शोधून काढले गेले, शुजाने अब्दालीकडे रदबदली केली आणि अग्निसंस्कार झाले. पार्वतीबाई रणातून वाचून दक्षिणेत आल्या. पती गेले हे त्यांनी कधी मानले नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. मधल्या काळात भाऊसाहेबांचे सोंग घेऊन एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहान्त शिक्षा झाली. लोकांना भाऊसाहेब परत यायला हवे होते, एवढे त्यावरून दिसते. नंतरच्या पिढ्यांनी कधी त्यांना गर्विष्ठ ठरवले, कधी बळी. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी कागदपत्रे तपासून त्यांची बाजू मांडली. विश्वास पाटलांच्या कादंबरीने १९८८ मध्ये त्यांना घराघरात नेले.

पराभवाची बातमी नानासाहेबांना भेलशाजवळ मिळाली, जानेवारीच्या २४ तारखेच्या सुमारास. ती सरकारी जासुदाकडून आली नाही. एका सावकाराचे पत्र दक्षिणेकडे चालले होते, ते वाटेत उघडले गेले. सावकारी सांकेतिक भाषेत ते हुंडीच्या हिशेबासारखे लिहिले होते. मोती दोन गेले, मोहरा कित्येक गेल्या, आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर मोजणीच लागत नाही, असा त्याचा आशय. दोन मोती कोण ते नानासाहेबांना ताबडतोब कळले. २३ जूनला पर्वतीवर तेही गेले.

दौलत सोळा वर्षांच्या माधवरावांकडे आली, कर्जासह. अकरा वर्षांनी, १७७२ मध्ये, थेऊरला अखेरच्या आजारात त्यांनी कलमवार इच्छापत्र करून ठेवले. त्यात सावकारांचे देणे फेडून टाकावे असे एक कलम आहे. पुढे ज्यांच्या हाती ती दप्तरे आली, ते नाना फडणीस उपाशी तळावरून जीव घेऊन आलेल्यांपैकी एक होते.